दम्याची साथ आणि सोयाबीनची जहाजं

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळ्यात जास्त घाम फोडणारा बग कुठला? जो रोज येत नाही तो. ग्राहकाकडे महिन्यातून एकदा सगळं कोलमडतं आणि आपण बघायला बसलो की साहेब गायब! मग तर्क सुरू होतात. शहाणा माणूस मात्र तर्क बाजूला ठेवतो आणि आधी लॉग उघडतो.

जुना दमा किंवा सीओपीडी असलेल्यांचं अगदी असंच असतं. महिनाभर सगळं ठीक, आणि एका रात्री अचानक धाप लागते. घरचे विचारतात, "काय खाल्लंस? कुठे गेला होतास?" उत्तर सापडत नाही. शेवटी "हवा बदलली" असं म्हणून विषय संपतो. पण हवेत नेमकं काय बदललं? या प्रश्नाचा पाठलाग करणाऱ्या डॉक्टरांचा इतिहास मोठा वाचनीय आहे. आणि मंडळी, गंमत म्हणजे त्यात सगळ्यात कामाला आलेलं हत्यार आहे साधी वही.

सुरुवात लंडनपासून करू. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर आणि धुकं यांनी शहर झाकून गेलं. सुमारे ४००० माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली असा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बराच वर नेला. त्यात छातीचे जुने रोगी खूप होते. पण एवढा धूर तर आंधळ्यालाही कळतो. खरा प्रश्न नेहमीच्या दिवसांचा होता. तेव्हा पॅट्रिक लॉथर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ब्राँकायटिसच्या रोग्यांना छोट्या डायऱ्या दिल्या. रोज एवढंच लिहायचं : आज बरं, नेहमीसारखं, की वाईट. या नोंदी रोजच्या धुराच्या मोजमापाशेजारी ठेवल्या, आणि धूर वाढला की 'वाईट' वाढतं हे दिसलं. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर कमी होत गेला, तसा हा संबंधही फिका पडत गेला. १९७० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

आता माझी आवडती गोष्ट, बार्सिलोनाची. स्पेनमधलं हे मोठं बंदर. १९८१ ते १९८७ या काळात तिथे दम्याच्या २६ साथी आल्या. दम्याची साथ? दमा काही गोवर-कांजिण्यांसारखा पसरत नाही. पण व्हायचं असं, की एखाद्या दिवशी काही तासांतच इस्पितळांत दमेकऱ्यांची रीघ लागायची. काही जण दगावलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सगळं शांत.

जुझेप मारिया आंतो, जॉर्डी सुनेर आणि मंडळींनी रुग्ण कुठून आले ते नकाशावर मांडलं. ठिपके बंदराजवळ दाटले होते. मग त्यांनी १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत बंदरात कुठल्या दिवशी कुठला माल उतरला याच्या नोंदी काढल्या. एकूण २६ प्रकारचे माल. या दोन वर्षांत साथीचे दिवस होते १३, आणि त्या तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं!

इथे थांबले असते तर गोष्ट अर्धीच राहिली असती. कारण सोयाबीन उतरलं पण साथ आली नाही, असे दिवसही पुष्कळ होते. मग? त्यांनी हवामानाच्या नोंदी जोडल्या. साथीच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि वारा मंद, बंदराकडून शहराकडे वाहणारा. म्हणजे एकटं सोयाबीन पुरेसं नव्हतं, वाराही लागत होता. गव्हावरही संशय आला होता. पण सोयाबीनचा हिशेब वजा केल्यावर तो सुटला. शहरातल्या हवेच्या नमुन्यांत सोयाबीनच्या टरफलाचे कणही सापडले.

शेवटी कारण निघालं ते अगदी क्षुल्लक. बंदरातल्या एका धान्याच्या कोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणाऱ्या गाळण-पिशव्याच नव्हत्या. दर वेळी धूळ थेट गावावर. धूळ अडवायची सोय केल्यानंतर साथ आली नाही, असं त्यांनी १९८९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं.

मला यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. एक, "परवा पण उदबत्ती लावली होती, तेव्हा कुठे काय झालं?" हा युक्तिवाद लंगडा आहे. परवा खिडकी उघडी असेल, किंवा सर्दी नसेल. दोन, ज्या दिवशी त्रास झाला नाही त्या दिवसाचीही नोंद हवी. नाहीतर गहूच फासावर जायचा!

सर्दीवरून आठवलं. नव्वदच्या दशकात पूर्व लंडनमध्ये जाडविगा वेड्झिका यांच्या गटाने सीओपीडीच्या रोग्यांकडून रोजची कार्डं भरून घेतली. त्रास उफाळण्यामागे साध्या सर्दीचे विषाणू वारंवार सापडले. आणि कार्डांवर दिसणाऱ्या साधारण निम्म्या उफाळ्यांबद्दल रोगी डॉक्टरांना सांगतच नव्हते. "होईल कमी" म्हणून अंगावर काढायची सवय काही फक्त आपल्याकडेच नाही तर!

आता आपल्या घरात या. डासांची कॉइल घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. आणि ती आपण आजोबांच्या उशाशी, दारं-खिडक्या लावून पेटवतो. त्यापेक्षा मच्छरदाणी किती बरी! शिवाय मिरचीची फोडणी, धूप, चुलीचा धूर, कोरडा केर, फटाके, पहाटेची थंड हवा, अंगावर मारायचे सुगंधी फवारे. प्रत्येकाचं सोयाबीन वेगळं. सगळंच बंद करायला गेलं तर माणूस कंटाळून काहीच बंद करत नाही. म्हणून आधी शोधा, मग नेमकं तेवढं टाळा. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, सर्दी झालेल्या नातवाला दोन दिवस लांब ठेवा, फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

वहीत काय लिहायचं? कॅनडातल्या डॉक्टरांनी १९८७ साली तीन खुणा पक्क्या केल्या : धाप वाढली का, कफ वाढला का, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला का. त्याला जोडून त्या दिवशी घरात काय जळलं, काय झाडलं, कोण शिंकलं. रोजची दोन मिनिटं. ठरलेला पंप मात्र वहीच्या भरवशावर बंद करायचा नाही. आणि धापेमुळे वाक्य पुरं करता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर वही मिटून सरळ इस्पितळ गाठायचं.

बार्सिलोनात जहाजांच्या नोंदी बंदरात होत्या, रुग्णांच्या इस्पितळात आणि वाऱ्याच्या वेधशाळेत. सगळं लिहिलेलं होतंच. ते एका टेबलावर यायला सहा-सात वर्षं गेली. आपल्या घरातलं टेबल तेवढं लांब नाही.