झ्यूस आणि द्यौ

ग्रीक देवांचा राजा झ्यूस आणि ऋग्वेदातला द्यौ, दोन्ही नावांच्या मुळाशी उजळ आकाश आहे. षष्ठीत ग्रीक ‘दिओस’, संस्कृत ‘दिवः’. आपला ‘दिवस’ही त्याच कुळातला. ग्रीक ‘झ्यू पातेर’, वैदिक ‘द्यौष्पितः’ आणि रोमन ‘ज्युपिटर’ यांत तर बापही जुळतो. (ग्रीक ‘थेऑस’ आणि ‘देव’ मात्र नात्यातले नाहीत, कानाला कितीही सारखे वाटोत.)

या जुळणीनं एकोणिसाव्या शतकात संस्कृत पंडित मॅक्सम्युलर भारावून गेला. पण नाव जुळलं म्हणून कथा जुळत नाही. वेदातला द्यौ फिकट आहे, वज्र इंद्राच्या हाती. ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’त क्रोनस बाप युरेनसचं लिंग कोयत्यानं कापतो, मग झ्यूस क्रोनसला उलथवतो. या कथेचं जवळचं भावंड तुर्कस्तानात, हित्ती राजधानी हत्तुसाच्या मातीच्या पाट्यांवर सापडलं. तिथं कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचं लिंग चावून तोडतो आणि अखेर राज्य मिळतं मेघगर्जनेच्या देवाला, तेशुबला. तुलना खरी रंगते ती इथं, नावापलीकडे. कोयत्यालाही तिथं जोड आहे: आकाश आणि पृथ्वी ज्यानं वेगळी केली ते जुनं पातं, उल्लिकुम्मी या दगडी राक्षसाला पायापासून कापायला देव पुन्हा बाहेर काढतात.