फाटकाची स्प्रिंग आणि कोंडवाडा



आजचा विषय वाचून हसाल. परड्याच्या फाटकाची स्प्रिंग किती घट्ट असावी, यावर लिहायला बसले आहे. पण गेल्या पावसाळ्यात त्या स्प्रिंगपायी आमच्या घरात जे झालं, त्यानंतर मी जरा मागचं-पुढचं वाचलं, सासूबाईंना जुनं विचारलं, आणि त्यातून हा लेख झाला.

झालं असं. आमच्या सासूबाई रोज सकाळी परड्याच्या फाटकातून बाहेर जाऊन पाखरांना दाणे टाकतात आणि तिथल्या दगडी डोणीत गुरा-कुत्र्यांसाठी पाणी ओततात. एक दिवस त्या बाहेर पडताना फाटक मागून सटकन आलं आणि त्यांच्या टाचेवर बसलं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त जायच्या थांबल्या. चार दिवसांनी डोणी कोरडी दिसली तेव्हा मी विचारलं. "अगं, फाटक लई ओढतंय. हातात तांब्या धरून मला ते पेलत नाही," एवढंच म्हणाल्या.

फाटकाची स्प्रिंग आमच्या ह्यांनीच आवळली होती, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. आजऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. लाकडी फाटक फुगतं, बिजागरी गंजते, मग फाटक चौकटीला टेकतं पण कडी लागत नाही. तसंच अर्धवट लागलेलं फाटक ढकलून एक गाय दोनदा आत आली आणि भाजी खाऊन गेली. दुसऱ्या वेळी शेजारून कोणीतरी म्हणालं, "कोंडवाड्यात घाला, मालक येतोय की न्हाई बघा."

कोंडवाडा हा शब्द ऐकला आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. का, ते मला नंतर कळलं. त्याआधी फाटकाचा थोडा इतिहास सांगते.

आपल्याकडे शेताला नि परड्याला पूर्वी काटेरी शिरीचं नाहीतर रचलेल्या दगडांचं कुंपण असे. जायच्या वाटेवर दोन खुंट, त्यांच्यात आडवे बांबू किंवा झापाचं कवाड. ते आपोआप लागत नसे. जाणाऱ्याने लावायचं, ही शिस्त. गडांवर तीच शिस्त राजाज्ञेची होती. सूर्यास्ताला दरवाजे बंद. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. दरवाजा लागला, बाळ घरी राहिलं आणि दूध विकायला आलेली आई कडा उतरून गेली. मला लहानपणी तिच्या धाडसाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, ही गोष्ट दरवाजाचीही आहे. दरवाजाला वेळ कळते, बाहेर-आत कोण अडकलं ते कळत नाही.

माणूस विसरतो, म्हणून फाटकाने स्वतःच लागावं ही कल्पना फार जुनी. सगळ्यात साधी युक्ती वजनाची. फाटकाला साखळी बांधायची आणि साखळीला जड गोळा. फाटक उघडलं की गोळा उचलला जातो, सोडलं की गोळा खाली येऊन फाटक ओढतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जुन्या गावात अशी गोळ्याची फाटकं आजही बघायला मिळतात. दुसरी युक्ती बिजागरीची. वरची आणि खालची बिजागरी किंचित तिरकी बसवायची, म्हणजे उघडताना फाटक जरासं वर उचललं जातं आणि आपल्याच भाराने परत येतं.

स्प्रिंगचा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने शोधला. 1676 मध्ये त्याने तो अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला. जेवढा ताण, तेवढा जोर, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांची दक्षिणेची मोहीम चालू होती. नियम कळला तरी चांगली स्प्रिंग करायला चांगलं पोलाद हवं. ते 1740 च्या सुमारास शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत वितळवून तयार केलं, कारण त्याला घड्याळाची स्प्रिंग मनासारखी मिळत नव्हती. 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि पोलाद स्वस्त झालं. 1874 मध्ये अमेरिकेत ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुंपणाला तार आणि दाराला स्प्रिंगची बिजागरी, दोन्ही बाजारात आल्या.

त्याच काळात आपल्याकडे कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानात 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. पिकात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात द्यायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं. सात दिवसांत कोणी आलं नाही तर नोटीस, आणि त्यानंतरही सात दिवस कोणी आलं नाही तर लिलाव. जनावराला चारा-पाणी देणं कोंडवाडा राखणाऱ्यावर बंधनकारक होतं. आजरा तेव्हा इचलकरंजीच्या जहागिरीत, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या मुलखात. संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे गावोगावचे कोंडवाडे ग्रामपंचायतींकडे आले.

आता सासूबाईंची गोष्ट. त्या नव्या नवरी असतानाची. पाण्याची घागर घेऊन आत येताना त्यांच्याकडून कवाड उघडं राहिलं. शेजाऱ्यांची गाय आत आली आणि भाताचा तरवा खाऊन, तुडवून गेली. तरवा गेला म्हणजे वर्षाची लावण गेली. सासऱ्यांनी रागाच्या भरात गाय कोंडवाड्यात नेऊन घातली. तिचं वासरू मालकाच्या गोठ्यात. मालकाच्या हातात बाजाराच्या दिवसापर्यंत पैसे नव्हते. "दोन रात्री वासरू हंबरत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण कवाड मी उघडं टाकलं होतं, गायीने नाही." तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच दंड भरून गाय सोडवून आणली, आणि कवाडाला दोरी लावून तिला एक दगड टांगला. आमच्या परड्याचं फाटक त्या दिवसापासून आपोआप लागतंय. दगड जाऊन स्प्रिंग आली ती आमच्या काळात.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपेल त्याहून जास्त भार घालणं आणि खाणं-पिणं तोडणं. मी हे पाठ केलं तेव्हा बैलगाडी डोळ्यापुढे यायची. आता कोंडवाडा येतो. त्या गायीला दोन रात्री बांधून ठेवलं गेलं आणि तिचं वासरू दुधावाचून राहिलं, तेही आमच्या एका उघड्या कवाडापायी. आणि खरं सांगू, आमच्या ह्यांनी आवळलेली स्प्रिंग म्हणजे म्हाताऱ्या हातावर घातलेला अतिभारच होता. गायीला अडवायचं म्हणून घरच्या माणसाला अडवलं.

मग काय केलं ते सांगते, कारण तुमच्याकडेही हेच होत असेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हूकच्या नियमाप्रमाणे फाटक जितकं जास्त उघडाल तितकी स्प्रिंग जास्त पिळली जाते आणि जास्त जोराने ओढते. फाटक लागत आलं की जोर सगळ्यात कमी. कडी लागायला जोर नेमका तिथे हवा असतो. म्हणून कडी लागत नाही असं दिसलं की माणूस स्प्रिंग आवळतो, आणि शेवटच्या चार बोटांच्या जोरासाठी सुरुवातीचा फटका दुप्पट करून ठेवतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तो फटका दाबून धरतं. पुढे लाकूड वाळलं की फाटक बंदुकीसारखं आपटतं.

तेव्हा आधी स्प्रिंगला हात लावायचा नाही. बिजागरीतला गंज काढून तेल घालायचं. फाटक खाली लोंबलं असेल तर स्क्रू आवळायचे. लाकूड चौकटीला घासत असेल तिथे रंधा मारायचा. कडी खाचेसमोर येते का ते बघायचं. आमच्याकडे एवढं केल्यावर निम्मं काम झालं.

मग ताण. नळीसारख्या बिजागरीच्या डोक्यावर कडं असतं, त्याला भोकं असतात आणि एका भोकात छोटी खीळ. फाटक बंद ठेवून भोकात जाड सळई घालायची, सळईने स्प्रिंगचा भार पेलून धरायचा, मग खीळ काढायची. सळई हातातून सोडायची नाही आणि तोंड बाजूला ठेवायचं, कारण सुटलेली स्प्रिंग सळई फेकून देते. एकच भोक सैल करायचं, खीळ परत बसवायची आणि फाटक उघडून बघायचं. दोन बिजागऱ्या असतील तर दोन्ही सारख्या करायच्या. हाताला धार लागत असेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

आमच्याकडे एक भोक सैल केलं, सासूबाईंना बोलावलं. "अजून," म्हणाल्या. आणखी एक सैल केलं. त्यांनी एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हाताने फाटक ढकललं, बाहेर गेल्या आणि हात सोडला. फाटक हळू आलं आणि कडी लागली. आमचे हे म्हणाले, "आता गाय आली तर?" सासूबाई म्हणाल्या, "कडी लागली की गाय येत नाही. आणि आलीच तर हाकल, कोंडवाड्याचं नाव काढू नको."

हत्ती आणि गवे आले तर ही स्प्रिंग काय करणार, हे आजऱ्याच्या माणसाने विचारू नये!

नवव्या अध्यायातल्या पाच समित्यांमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव सांभाळायचा. ती मुनींसाठी आहे, पण घरातही तेवढीच उपयोगी. हाताने लावलेलं दार आपण बघून लावतो, चौकटीत पाल, मुंगी, मुलाचं बोट आहे का ते दिसतं. स्प्रिंगला दिसत नाही. तेव्हा तिच्या वतीने आपणच आधी बघायला हवं. आमच्याकडे आता ठरलंय, मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा फाटक तपासायचं, आणि ताण बरोबर आहे की नाही ते सासूबाईंच्या हाताने ठरवायचं.

डोणीत आज सकाळी पाणी होतं. ती गायही पिऊन गेली.

जय जिनेंद्र.