जुन्या मोटारीच्या इंधन प्रणालीतील दोषनिदानाचा इतिहास : विशेष संदर्भ बीड जिल्हा

प्रस्तावना :

भारतातील मोटारवाहनांचा इतिहास लिहिताना कारखाने, परवाने, उत्पादनाचे आकडे आणि शासकीय धोरणे यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर तिचे जे दीर्घ आयुष्य सुरू होते, ते मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहते. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, महानगरातून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याच्या गावी असा मोटारीचा प्रवास होत असतो. बीडसारख्या अवर्षणप्रवण व उद्योगविरळ जिल्ह्यात सामान्य कुटुंबाच्या दारी येणारी पहिली मोटार बहुधा जुनीच असते. ती विकत घेताना साठवलेली पुंजी खर्ची पडते आणि ती वाटेत बंद पडली की त्या पुंजीचेच भवितव्य मिस्त्रीच्या निदानावर अवलंबून राहते. म्हणूनच जुन्या मोटारीच्या इंधन प्रणालीतील दोष कसे ओळखले गेले, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून सामाजिक व आर्थिक इतिहासाचाही आहे.

उद्दिष्टे :

१) कार्ब्युरेटर ते संगणक-नियंत्रित इंधन प्रणाली या स्थित्यंतरात दोषनिदानाची पद्धती कशी बदलली, हे पाहणे.
२) बीड जिल्ह्याची भौगोलिक परिस्थिती आणि इंधन प्रणालीतील दोष यांचा संबंध तपासणे.
३) इंधनविषयक शासकीय धोरणांचा जुन्या मोटारींवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

बीड जिल्ह्याची पार्श्वभूमी :

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. हैदराबाद संस्थानात निजाम राज्य रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी शासकीय प्रवासी वाहतुकीचा आरंभ केला होता. लोहमार्ग परळी वैजनाथपर्यंत पोहोचला, तथापि बीड या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी प्रवासी रेल्वे येण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. परिणामी या जिल्ह्याचे दळणवळण प्रदीर्घ काळ रस्त्यावरच अवलंबून राहिले.

भौगोलिकदृष्ट्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला गेवराई व माजलगावकडील गोदाकाठचा सखल प्रदेश आणि दक्षिणेला बालाघाटचे पठार. बीड शहरातून दक्षिणेकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारे तापमान, कच्च्या रस्त्यांवरील धूळ आणि घाटातील चढण या तिन्ही गोष्टी इंधन प्रणालीची परीक्षा पाहणाऱ्या आहेत.

कार्ब्युरेटरचा कालखंड :

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवर मोजक्याच मोटारींचे राज्य होते. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतील कुर्ला येथे फियाट बनावटीच्या गाड्या तयार केल्या. त्यांतीलच ११०० श्रेणीची गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि महिंद्रांची जीप या तिच्या समकालीन होत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० चे आगमन झाले. परवाना पद्धतीच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, त्यामुळे जुन्या गाडीला मोल होते आणि ती चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीला मान होता.

या गाड्यांच्या इंधन प्रणालीची रचना साधी होती. मागील टाकीतून नळीवाटे येणारे पेट्रोल इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप ओढून घेई. त्या पंपात रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम असे. तेथून पेट्रोल कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जाई, फ्लोट व सुईचा व्हॉल्व्ह त्याची पातळी राखी आणि ठरावीक छिद्राच्या जेटमधून ते हवेत मिसळे. हे छिद्र कायम मापाचे असल्याने प्रणाली स्वतःची दुरुस्ती स्वतः करू शकत नसे. धुळीचा एक कण जेटमध्ये अडकला तरी गाडी झटके देई.

पारंपरिक दोषनिदानाची पद्धती :

या काळातील निदान पूर्णतः ज्ञानेंद्रियांवर आधारलेले असले तरी ते अंदाजपंचे नव्हते. त्यास एक निश्चित तर्कक्रम होता. गाडी सुरू होत नसेल तर पहिला प्रश्न ‘करंट की पेट्रोल?’ हा असे. प्लगला ठिणगी मिळते याची खात्री झाल्यावरच इंधनाकडे वळले जाई. त्यानंतर कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून इंजिन फिरवले जाई. पेट्रोलची पिचकारी आली नाही तर दोष टाकी, नळी, गाळणी किंवा पंपात आणि आली तर दोष कार्ब्युरेटरमध्ये, अशी विभागणी होई. एका चाचणीने निम्मी प्रणाली संशयातून मुक्त करण्याची ही रीत आधुनिक अभियांत्रिकीलाही मान्य आहे.

प्लगचा रंग हा दुसरा पुरावा होय. प्लगवर कोरडी काळी काजळी दिसल्यास पेट्रोलचे प्रमाण जास्त, पांढुरका दिसल्यास कमी आणि फिकट तपकिरी दिसल्यास मिश्रण योग्य, असा निष्कर्ष काढला जाई. काळा धूर व पेट्रोलचा उग्र वास असल्यास सुईचा व्हॉल्व्ह गळत असल्याची किंवा चोक अडकल्याची शक्यता तपासली जाई.

बीडच्या हवामानाशी थेट निगडित असे दोन दोष येथे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला दोष म्हणजे उष्णतेमुळे नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खंडित होणे. भर उन्हात घाट चढताना गाडी बंद पडे. पंपावर ओले फडके ठेवून ती सावलीत काही वेळ उभी केली की पूर्ववत सुरू होई. थंड झाल्यावर गाडी आपोआप सुरू होणे हेच येथे निदान होते; तशी ती झाली नाही तर डायफ्राम फाटल्याचा संशय बळावे. दुसरा दोष टाकीच्या झाकणाशी संबंधित होता. झाकणातील हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले की टाकीत निर्वात स्थिती निर्माण होई व काही अंतर गेल्यावर पेट्रोल येणे थांबे. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येई आणि गाडी पुन्हा चालू लागे. अशा वेळी पंप बदलण्याचा खर्च सुचवणारा आणि केवळ टाचणीने छिद्र मोकळे करणारा यांतील अंतर हे ज्ञानाचे तसेच सचोटीचेही अंतर होते.

भेसळ : धोरणातून निर्माण झालेला दोष :

सर्वच दोष यंत्रात नसतात. शिधावाटप व्यवस्थेतील रॉकेल गरिबांसाठी स्वस्त ठेवण्यात आले होते. पेट्रोल व रॉकेल यांच्या दरातील या तफावतीने भेसळीला जन्म दिला. रॉकेल हे पेट्रोलपेक्षा जड व अधिक तापमानाला उकळणारे असल्याने ते पूर्णतः वाफारत नाही. परिणामी सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास होतो, चढणीवर इंजिन खडखडते, प्लग काळे पडतात व आत काजळी साचते. ही सर्व लक्षणे बिघडलेल्या कार्ब्युरेटरसारखीच असल्याने निर्दोष कार्ब्युरेटर पुनःपुन्हा उघडला जाण्याचा धोका होता.

शासनाने या प्रश्नावर अनेक उपाय योजले. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला. अत्यावश्यक वस्तू अधिनियम १९५५ अन्वये १९९८ व २००५ मध्ये पेट्रोल-डिझेलविषयक आदेश काढण्यात आले. ऑक्टोबर २००६ पासून रॉकेलमध्ये रासायनिक ओळखद्रव्य मिसळण्याचा प्रयोग झाला, परंतु २००८ च्या अखेरीस तो थांबला. पंपावर गाळण कागदाची चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कागदावर टाकलेला शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. घनतेच्या चाचणीत नोंदवलेल्या मूल्यापेक्षा घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक फरक आढळल्यास नमुना संशयास्पद मानला जातो. अशा रीतीने दोषनिदान गॅरेजमधून पेट्रोलपंपापर्यंत येऊन पोहोचले.

या प्रश्नाचे गांभीर्य २५ जानेवारी २०११ रोजी संपूर्ण महाराष्ट्राने अनुभवले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनभेसळीच्या संशयावरून कारवाई करीत असताना जाळून ठार मारण्यात आले. प्लगवरील काजळीचा एक धागा अशा तऱ्हेने प्रशासनाच्या व गुन्हेगारीच्या इतिहासापर्यंत जाऊन भिडतो.

संगणक-नियंत्रित प्रणालीचा उदय :

प्रदूषणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी कठोर मानके लागू करण्याचे निर्देश दिले. १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ ही मानके देशभर अमलात आली. या प्रक्रियेत कार्ब्युरेटरची जागा ‘एमपीएफआय’ प्रणालीने घेतली. टाकीतील विद्युत पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर व नियंत्रक संगणक हे तिचे घटक होत. १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार मानकांसोबत वाहनातच दोष नोंदवणारी ‘ओबीडी’ व्यवस्था आली व २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला.

यामुळे निदानाचे केंद्र मिस्त्रीच्या कानाकडून स्कॅनरच्या पडद्याकडे सरकले. तथापि स्कॅनर दाखवतो तो संकेतांक असतो, कारण नव्हे. ‘मिश्रण पातळ’ असा संकेत मिळाल्यास पंप अशक्त, गाळणी तुंबलेली, इंजेक्टर चोंदलेला अथवा हवा बाहेरून शिरणारी अशा अनेक शक्यता उरतात. त्यांतील खरी कोणती हे ठरवण्यासाठी दाबमापकाने इंधनाचा दाब मोजावाच लागतो. शिवाय टाकीतील विद्युत पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. सतत जेमतेम पेट्रोलवर गाडी चालवणाऱ्या मालकाचा पंप लवकर निकामी होण्याचा संभव असतो. येथे काटकसर हेच दोषाचे कारण ठरते आणि ते कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

इथेनॉलचे पर्व :

इंधनातील इथेनॉल मिश्रणाचे आरंभीचे प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड यांचा समावेश होता. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना आली. २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले व २०२५ मध्ये २० टक्क्यांची पातळी आली. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट, तर इथेनॉलसाठी सुमारे ९ पट हवा लागते. कार्ब्युरेटरच्या कायम मापाच्या जेटमधून मिश्र इंधन गेल्यास मिश्रण पातळ होते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्यांना हानी पोहोचवते आणि टाकीतील साचलेला गाळ सोडवून गाळणीत आणते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी वाहनांत २० टक्के मिश्रणामुळे इंधन कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते.

मात्र प्रत्येक दोषाचे खापर इथेनॉलवर फोडणे हेही निदान नव्हे. गळकी नळी व गंजलेली टाकी हे वीस वर्षांच्या गाडीचे स्वाभाविक विकारही आहेत. बीडच्या संदर्भात या पर्वाला आणखी एक पैलू आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कामगारांचा हा जिल्हा आहे. त्यांनी तोडलेल्या उसाचा काही अंश इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलमध्ये येतो आणि जिल्ह्यातील जुन्या मोटारींच्या टाकीत पोहोचतो. धोरणाचा लाभ आणि त्याची झळ एकाच भूमीत कशी नांदते, याचे हे बोलके उदाहरण होय.

निष्कर्ष :

१) इंधन प्रणालीतील दोषनिदानाची साधने बदलली, तरी एकेक शक्यता क्रमाने वगळत जाण्याचा तर्क कायम राहिला.
२) उष्णता, धूळ व घाट यांमुळे बीड जिल्ह्यातील दोषांना स्थानिक स्वरूप प्राप्त झाले.
३) भेसळ व इथेनॉल ही दोन्ही उदाहरणे मोटारीतील दोषाचे मूळ यंत्राबाहेर, दरांत व धोरणांत असू शकते हे सिद्ध करतात.
४) जुनी मोटार घेणाऱ्या सामान्य कुटुंबाला चुकीच्या निदानाचा फटका सर्वाधिक बसतो. म्हणून गाळण कागदाच्या चाचणीसारख्या हक्कांची माहिती महाविद्यालयीन स्तरावर देणे उपयुक्त ठरेल.
५) कार्ब्युरेटरच्या काळातील मिस्त्रींचे ज्ञान गुरुशिष्य पद्धतीने हस्तांतरित झाले, ते फारसे लिहिले गेले नाही. ही पिढी आता उतारवयात आहे. जिल्ह्यातील इतिहास विभागांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने त्यांच्या मौखिक नोंदी घेतल्यास श्रमजीवींच्या ज्ञानपरंपरेचे एक मौलिक साधन सुरक्षित राहील.