चावलं कुणी, भरायचं कुणी?

मागच्या वर्षी पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, पुण्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मला कुत्रं चावलं. ऑफिसमधून येत होतो. टपरीजवळ गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि डाव्या पोटरीत काहीतरी घुसलं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. खाली बघेपर्यंत ते पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बसलंसुद्धा होतं. जीन्सला तीन भोकं आणि खाली तीन दातांच्या खुणा.

टपरीवाले काका म्हणाले, "आधी साबणाने धुवा, पंधरा मिनिटं. मागच्या महिन्यात त्या दूधवाल्याला पण धरलं होतं यानेच."

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पाळीव की भटका?" मी म्हटलं, भटका. "मालकाचं नाव?" मी म्हटलं, भटक्याला मालक कसा असेल? त्याने शांतपणे त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादा रकाना रिकामा राहिला की पुढे कुठेतरी काहीतरी फुटणार, हे आम्हाला अनुभवाने कळतं. ती आडवी रेघ डोक्यातून जाईना. लसीच्या तारखा होत्या शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. त्या दिवसांत रात्री लंगडत बसून मी एकाच प्रश्नामागे लागलो. कुत्रं चावलं तर जबाबदार कोण, हे माणसाने कधीपासून आणि कसं ठरवलं?

चाळीस शेकेल

उत्तराचं एक टोक सापडलं ते थेट इराकमध्ये. १९४० च्या दशकात बगदादजवळच्या तेल हरमल या टेकाडाच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांवर एश्नुन्ना नावाच्या राज्याचे कायदे होते, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात कुत्र्यावर कलम आहे. त्याचा आशय असा: कुत्रं चावरं आहे, वस्तीच्या अधिकाऱ्यांनी तसं मालकाला कळवलंय, तरी त्याने कुत्रं आवरलं नाही आणि ते चावून माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी द्यावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर पंधरा.

याच कायद्यात मजुराचा महिन्याचा पगार एक शेकेल ठरवलेला आहे. म्हणजे चाळीस शेकेल म्हणजे मजुराची तीन वर्षं चार महिन्यांची कमाई. आणि गुलामाचा जीव स्वस्त, हेही तिथेच, स्वच्छ अक्षरात.

पण मी थांबलो ते 'कळवलंय' या शब्दापाशी. नुसतं चावणं पुरेसं नाही. मालकाला आधी कळवलेलं असलं पाहिजे. मारका बैल आणि पडायला आलेली भिंत यांच्या कलमांतही हीच अट आहे. त्या कायद्याच्या लेखी गुन्हा कुत्र्याचा नाही आणि कुत्रं पाळण्याचाही नाही. माहीत असून गप्प बसण्याचा आहे.

ओरडला तर दुप्पट

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला गेला. याज्ञवल्क्यस्मृतीत नियम आहे: दात असलेला किंवा शिंगं असलेला प्राणी माणसावर तुटून पडलाय, मालक सोडवू शकतोय, तरी सोडवत नाही, तर त्याला दंड. आणि सापडलेला माणूस मदतीसाठी ओरडत असूनही मालक हलला नाही, तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवळपास असाच नियम आहे. याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा ही टीका चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिली गेली आणि पुढे शतकानुशतकं दख्खनेत ती प्रमाण मानली गेली. त्यामुळे हा नियम आपल्याला तसा परका नाही.

एश्नुन्ना विचारतं, तुला माहीत होतं का? याज्ञवल्क्य विचारतो, तुला ऐकू येत होतं ना? मुद्दा तोच आहे. फरक पैशाचा आहे. हा दंड राजाच्या खजिन्यात जायचा. ज्याला चावलं त्याचं काय, याचं उत्तर या नियमात नाही.

मेंढ्या जिंकल्या

आज आपल्या न्यायालयांत नुकसानभरपाईचा जो विचार चालतो, तो बराचसा इंग्रजी कायद्यातून आला. तिथे जुना नियम असा होता की कुत्र्याने केलेल्या नुकसानाची भरपाई हवी असेल तर ते कुत्रं खोडकर आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं, असं दाखवावं लागे. त्यातूनच एक समज रूढ झाला की पहिला चावा प्रत्येक कुत्र्याला फुकट. दुसऱ्यांदा चावलं की मग मालकाला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

हा नियम टोचायला लागला तो मेंढ्यांमुळे. १८५५ मध्ये स्कॉटलंडमधला एक खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कुत्र्याने मेंढ्या मारल्या होत्या. निकाल लागला की मालकाची चूक किंवा माहिती दाखवल्याशिवाय भरपाई नाही. मेंढपाळांची आणि जमीनदारांची ओरड झाली. १८६३ मध्ये स्कॉटलंडसाठी आणि १८६५ मध्ये इंग्लंडसाठी कायदा झाला: कुत्र्याने मेंढ्या-गुरं मारली तर मालकाने भरायचं, त्याला माहीत असो वा नसो.

आणि माणसं? माणसाला चावलं तर जुनीच अट. १९७१ मध्ये ब्रिटनने प्राण्यांबद्दलचा कायदा नव्याने केला, त्यातही कुत्र्यासारख्या प्राण्याच्या बाबतीत 'माहिती'ची अट थोड्या बदललेल्या रूपात राहिली. मेंढीला मालक होता आणि त्या मालकाचा आवाज पार्लमेंटपर्यंत पोचत होता. रस्त्यावरच्या पोराच्या पोटरीला तसा मालक नव्हता. माझ्या मते इतकं साधं कारण आहे.

मुंबई, जून १८३२

इथवर सगळे कायदे गृहीत धरतात की कुत्र्याला मालक आहे. आपल्या शहरांत अडचण नेमकी तिथेच आहे, आणि ती आजची नाही.

१८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आण्यांसाठी लोक घरातली, दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा त्यांच्यात विधी आहे. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टमध्ये कुत्री मारताना लोक भडकले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडली, सैन्य बोलावावं लागलं. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग निघाला.

दारात बसणारं, पण कुणाच्या नावावर नसलेलं कुत्रं कुणाचं? सरकार म्हणालं, कुणाचंच नाही. लोक म्हणाले, आमचं आहे. आमच्या टपरीवाल्या काकांनी त्या रात्री हेच सांगितलं होतं: "तसा तो कुणाचाच नाही. पण सगळे खायला घालतात."

यानंतर २८ वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता आली. तिच्या कलम २८९ मध्ये शब्द होते 'ताब्यातला प्राणी'. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ झालं. कैद तीच, दंडाची मर्यादा पाच हजार. आणि दंड पुन्हा सरकारजमा. न्यायालय जखमीला भरपाई द्यायला सांगू शकतं, पण सांगेलच असं नाही. दिवाणी दावा लावायचा तर हातात वेळ हवा.

वेळ म्हणजे किती? २०१० मध्ये मुंबईत एका वयस्कर गृहस्थाला पाळीव रॉटवायलर चावला. गाडीचं दार उघडू नका असं सांगूनही मालकाने ते उघडलं होतं. दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती जानेवारी २०२३ मध्ये. मालक होता, पत्ता होता, साक्षीदार होते, तरी बारा वर्षांहून जास्त. मग माझ्या आडव्या रेघेचं काय?

बाबांची चौदा इंजेक्शनं

हे सगळं बाबांना फोनवर सांगत होतो, तर ते हसले. १९७८ साली ते सहावीत असताना त्यांना कुत्रं चावलं होतं. आजीने जखमेत तिखट भरलं. मग तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. आजोबांची चौदा दिवसांची मजुरी बुडाली आणि एसटीचं भाडं वेगळं. "कुणाकडे मागायचं? चूक आपलीच म्हणायची, त्या रस्त्याने गेलो ना!"

त्या चौदा इंजेक्शनांनाही इतिहास आहे. जुलै १८८५ मध्ये पॅरिसला लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो जगला. त्यानंतर काही वर्षं भारतातल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी बोटीने पॅरिसला पाठवत. बाकीच्यांसाठी बोट नव्हती. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे १९११ मध्ये डेव्हिड सेम्पलने मेंढीच्या मेंदूपासून कार्बोलिक वापरून लस बनवली. स्वस्त, टिकाऊ, पण वेदनादायक. क्वचित कुणाला तिच्यामुळेच अर्धांगवायूसारखा त्रास व्हायचा. ही लस भारतात २००४ च्या शेवटापर्यंत बनत होती. बाबांना मिळाली ती हीच.

म्हणजे उपचार बदलला. मला दंडात चार वेळा बारीक सुया आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, इतकंच. रेबीज एकदा डोक्यात शिरला की जवळजवळ निश्चित मृत्यू. वेळेत जखम धुतली आणि लस घेतली की टळतो. पण बुडालेली मजुरी कुणाकडे मागायची, या आजोबांच्या प्रश्नाला सत्तेचाळीस वर्षांत फारसं उत्तर मिळालं नव्हतं.

दर दाताला दहा हजार

अलीकडे न्यायालयांनी ते द्यायला सुरुवात केली आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळसाठी न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, कुत्रं चावलेल्यांच्या भरपाईचे दावे तपासायला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने थेट दरपत्रकच लिहिलं: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये, मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार. द्यायचे मुख्यतः राज्य सरकारने, मग त्याने ते दोषी यंत्रणेकडून किंवा मालकाकडून वसूल करावेत.

मी हिशोब केला: तीन दात, तीस हजार. पण हा निकाल पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता आहे, पुण्यात तो आपोआप लागू होत नाही. तरी त्यातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. मालकाच्या रकान्यातल्या आडव्या रेघेवर पहिल्यांदाच कुणीतरी नाव लिहिलं. सरकारचं.

हे नाव येणं तसं स्वाभाविकच होतं. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनुसार भटकं कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं. मला चावलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे. एका परीने चांगलं. कधीतरी त्याला लस मिळालीय. पण त्याचा अर्थ असाही होतो की ते एकदा कुणाच्या तरी हातात होतं आणि त्या हातांनीच ते परत सोडलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीची सगळी कुत्री उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांत बदलला: नसबंदी-लस करून परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नका. इथे मी पुन्हा एश्नुन्नापाशी येतो. आक्रमक कोणतं, हे कुणाला माहीत असणार? कुणीतरी कळवल्याशिवाय नाही. आमच्या गल्लीत दूधवाल्याला चावलेलं काकांना माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. ज्याला कळायला हवं त्याला कुणीच कळवलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई घेतली आणि तिथूनच क्षेत्रीय कार्यालयात गेलो. अर्ज एक पानाचा: तारीख, वेळ, जागा, केसपेपरची झेरॉक्स, कुत्र्याचा आणि खाचेचा फोटो. दूधवाल्याचीही सही घेतली होती. कुत्रं मारा असं लिहिलं नाही. ते मला नकोही आहे. पैसेही मागितले नाहीत. 'सदर कुत्रा याआधीही एकास चावला असून ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे,' एवढंच लिहिलं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "नुसतं कळवायचंय?"

"हो. पोच द्या फक्त."

त्यांनी आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला. ती झेरॉक्स मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टपरीवाल्या काकांकडे ठेवलीय. पुढे कुणाला चावलंच, तर त्याच्या कामी येईल.