तोतया, अंगठा आणि ओळख

श्रोतेहो, “तो मीच” हे सिद्ध करणे कधी कधी किती अवघड जाते, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे “मीच भाऊ” म्हणत एक तोतया उभा राहिला. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले होते. 1776 साली तो सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या काळी ओळख म्हणजे चेहरा आणि माहितगारांची साक्ष. भाऊ परत यावेत असे ज्यांना मनापासून वाटे, त्यांचे डोळेही तसेच पाहू लागले!

अशा वेळी माणसाच्या इच्छेने न बदलणारी खूण हवी. ती बंगाल्यात सापडली. 1858 साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे 1877 साली हुगळीस तो पेन्शनदारांच्या बोटांचे ठसे घेऊ लागला. हेतू हा, की मेलेल्याच्या नावाने दुसऱ्याने पैसे उचलू नयेत. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांचा मोठा वाटा होता.

मग 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यासाठी दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा यांची नोंद होते. याचा फायदा उघड आहे. गावात पाटील ओळखतो. घाटकोपरच्या वस्तीत कोण ओळखणार? आता गावच्या रेशनकार्डावर तिथेही अंगठा लावून धान्य घेता येते.

पण यंत्र माणूस ओळखत नाही, ते फक्त आजचा ठसा नोंदीतल्या ठशाशी ताडून पाहते. मूळ नोंदच खोटी असेल, तर तोतयालाही ते होकार देईल. ताडणी सैल ठेवली तर तोतया आत शिरतो, कडक ठेवली तर खरा माणूस बाहेर राहतो. विळा-खुरपे धरून, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनाच हा फटका बसतो. म्हणून ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणी तोतया ठरत नाही. बुबुळ आहे, मोबाईलवर येणारा आकडा आहे, कागदपत्रे आहेत. शिक्षकबंधूंनो, दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या म्हातारीला हे सांगा; शक्य तर तिच्यासोबत दुकानापर्यंत जा. तोतयाला अडवायचेच, पण खऱ्या धन्याच्या तोंडचा घास काढून नव्हे.