गोव्याच्या राजवाड्यातील चित्रमालिका

घर बांधून झाले, की माणसाला त्याच्या भिंती रित्या दिसू लागतात. कोणी देवादिकांच्या तसबिरी लावतो, कोणी वाडवडिलांच्या; आणि ज्याच्या अभिरुचीला पाश्चात्त्य वळण लागले आहे, तो रायपूरसारख्या शहरातही एखाद्या चित्रकाराकडून ‘मोनालिसा’ची नक्कल करवून दिवाणखान्यात टांगतो. नक्कल म्हटली, की जाणकार नाके मुरडतात. परंतु थोरांच्या प्रतिमांच्या नकला करवून त्यांनी आपले घर सजविणे ही युरोपातील प्रबोधनयुगाचीच एक आवडती चाल होती, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

इटलीतील कोमो सरोवराच्या काठी पावलो जोव्हियो या विद्वान धर्माधिकाऱ्याने एक वाडा बांधला आणि त्यात कवी, पंडित, सेनानी व राजे यांची व्यक्तिचित्रे मोठ्या हौसेने जमविली. त्यांची कीर्ती ऐकून फ्लॉरेन्सचा अधिपती कोझिमो मेदिची याने १५५२ मध्ये क्रिस्तोफानो नावाच्या चित्रकारास नकला उतरून आणण्यासाठी तिकडे धाडले. पुढे जोव्हियोचा संग्रह पांगला. नकला मात्र फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आजही नांदत आहेत. मूळ नाहीसे व्हावे आणि नकलेने त्याची स्मृती राखावी, असा हा प्रकार.

कोझिमोचा चित्रकार कोमोस निघण्यापूर्वी पाच वर्षे, अशाच एका चित्रमालिकेचा आरंभ गोव्यात झाला होता. दीवचा वेढा उठवून १५४७ मध्ये गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रो गोव्यास परतला, तो प्राचीन रोमन सेनापतीच्या थाटात विजययात्रा काढून. दीवचा किल्ला पुन्हा उभारण्यासाठी गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागताना त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून देऊ केले, ही कथा प्रसिद्धच आहे. कास्त्रो नुसता शिपाईगडी नव्हता. तो गणित व नौकानयन यांचा अभ्यासक होता. आपल्या आधीच्या बाराही गव्हर्नरांची चित्रे काढवून राजवाड्यात लावावी, असे त्याच्या मनाने घेतले.

हे काम त्याने गास्पार कोर्रैया याजवर सोपविले. कोर्रैया हा बखरकार. १५१२ च्या सुमारास तो भारतात आला व अल्बुकेर्कच्या पदरी लेखनिक म्हणून राहिला. पहिला व्हाइसरॉय अल्मैदा १५१० मध्येच मरण पावला होता, तो वगळता इतर गव्हर्नरांना कोर्रैयाने डोळ्यांनी पाहिलेले होते. त्याने चेहरे आठवून रेखाटावे आणि एका स्थानिक चित्रकाराने ते लाकडी फळ्यांवर रंगवावे, अशी योजना ठरली. या चित्रकाराच्या उपजत कौशल्याची कोर्रैयाने आपल्या ग्रंथात मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. त्याचे नाव मात्र दिलेले नाही.

पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याच्या चित्राची तीत भर पडत गेली. १६०८ मध्ये गोव्यास पोहोचलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने राजवाड्यातील दोन दालनांचे वर्णन केले आहे: एकात पोर्तुगालहून निघालेल्या आरमारांची चित्रे, दुसऱ्यात व्हाइसरॉयांची. न्यायासाठी वा अर्ज घेऊन येणाऱ्यास आधी सत्तेचे सामर्थ्य दिसावे व मग तिची परंपरा, असाच त्या रचनेचा परिणाम होत असला पाहिजे.

पण सत्तेला जे दडविता येते, ते कोकणपट्टीच्या दमट हवेपासून दडत नाही. फळ्या कुजल्या, रंग पोपडले. वेळोवेळी डागडुजी झाली आणि डागडुजी म्हणजे बहुधा जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा रंगविणे. राजधानी पणजीस गेली, जुना राजवाडा पाडला गेला, चित्रेही स्थलांतरित झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास काही फळ्या लिस्बनला नेऊन वरचे थर दूर करण्याचा प्रयत्न झाला. या चित्रांचे प्राचीन रूप समजण्यास आज साह्य होते ते पुन्हा नकलांचेच: लिझुआर्ती द आब्रेऊ याच्या नावाने ओळखली जाणारी सोळाव्या शतकातील सचित्र पोथी, आणि सतराव्या शतकात बार्रेतु द रेझेंदी याने सिद्ध केलेला ग्रंथ. या दोहोंत गव्हर्नरांच्या प्रतिमा आहेत.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. जित्यांनी जेत्यांच्या तसबिरी समुद्रात फेकल्या असत्या, तरी इतिहासात ते नवल ठरले नसते. तसे घडले नाही. १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याने जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कन मठात संग्रहालय उघडले आणि तेथे ही मालिका भिंतीवर लागली. जिथे पूर्वी अर्जदार मान खाली घालून उभा राहत असे, तिथे आता शाळेची मुले बोट दाखवून नावे वाचतात.

हा निर्णय उचितच म्हटला पाहिजे. कारण त्या फळ्या केवळ परक्या सत्ताधीशांच्या नाहीत. घारापुरीची लेणी पाहून कास्त्रोने त्यांचे सविस्तर व प्रशंसापर वर्णन लिहिले होते; ती घडविणाऱ्या शिल्पकारांची नावे त्याला ठाऊक नव्हती. त्याच्याच राजवाड्यासाठी चित्रे रंगविणारा कलावंतही तसाच अनामिक राहिला. ज्यांचे चेहरे टिकावे म्हणून एवढा खटाटोप झाला, त्यांचे चेहरे थरांखाली बदलले. ज्याने ते रंगविले, त्याचा चेहरा कोणीच रंगविला नाही. त्या भिंतीसमोर उभे राहणाऱ्याने एक क्षण त्या चित्रकाराचेही स्मरण केले, तर चार शतकांहून अधिक काळाचे एक जुने देणे थोडेसे तरी फिटेल.