कोसंबींचे घर

आपल्या तेरच्या मातीतून निघालेली जुनी नाणी, खापरे, बाहुल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर जमविल्या. आज तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे आहे. अशा नादिष्ट माणसाच्या घरी काय चालत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. संपाच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे मी घराबाहेर काढले आहेत. घरी परतल्यावर काय ऐकावे लागते ते मला ठाऊक आहे!

या प्रश्नाने मला दामोदर धर्मानंद कोसंबींकडे नेले. जन्म गोव्यात, १९०७ साली, शिक्षण हार्वर्डला, पेशा गणिताचा. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ निघाला आणि राजांच्या वंशावळींच्या जागी नांगर, बाजार व राबणारे हात आले. युनियनच्या कचेरीत, कोश शेजारी ठेवून, मी तो वाचला.

माणूस मात्र विलक्षण. राहावयाचे पुण्यास, नोकरी मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत, म्हणून ‘डेक्कन क्वीन’ने रोजची ये-जा. सवड मिळाली की लोखंडी टोकाची काठी घेऊन टेकड्या धुंडाळावयाच्या, अश्मयुगीन दगडी पाती वेचावयाची, धनगरांशी गप्पा मारावयाच्या. जुनी नाणी हजारोंनी तोलली. झिजेवरून त्यांचा काळ ठरविला. १९३१ साली बूरबाकी नामक एका काल्पनिक गणित्याचा हवाला देणारा लेख लिहून विद्वानांची थट्टा केली. पुढे काही गणिती लेखांवर ‘एस. डुक्रे’ अशी सही केली. हे नाव मराठी माणसाने एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे! जीभही तिखट. टाटा संस्थेतील नोकरी १९६२ साली संपली, आणि १९६६ साली ते गेले.

धाकटी कन्या मीरा (१९३९–२०१५) समाजशास्त्रज्ञ झाली. वडिलांच्या अपरिचित बाजू दाखविणारा ग्रंथ तिने संपादिला. भाबडी भक्ती तिला परवडणारी नव्हती, कारण या घराला जुना अनुभव होता. आजोबा धर्मानंद १८९९ साली पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी मागे ठेवून बुद्धाच्या शोधात निघाले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घातले. त्या ज्ञानाचे ऋण आपण सारेच मानतो. पण त्या दिवसांत घरची चूल ज्यांनी पेटती ठेवली, त्यांची हजेरी कोणत्या मस्टरवर लागली?

आजोबांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र इंग्रजीत आणले तेही मीरानेच. बाळाबाईंच्या नावावर पुस्तक नाही.